फळ कधी खायचं या नादात आईने फळच सोडलं

मागच्या वर्षी मार्चमधे बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आई-बाबा महिनाभर आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला राहायला होते. एरवी ते नौपाड्यात आणि आम्ही इकडे, आठवड्यातून एकदा भेट होतेच, पण भेटणं वेगळं आणि एका घरात राहून माणूस दिवसभर काय खातं ते बघणं वेगळं. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की आई फळच खात नाहीये. टेबलावर केळी होती, चिकू होते, द्राक्षं होती, आम्ही सगळे येता जाता उचलत होतो, आई नाही. मी म्हटलं अगं चिकू घे ना, तर म्हणाली आत्ताच चहा झालाय. दुपारी म्हणाली आत्ता जेवले. चार वाजता म्हणाली आता चहा होईल इतक्यात. संध्याकाळी म्हणाली दिवेलागणीनंतर फळ खाऊ नये. रात्री तिचं हळदीचं दूध असतं आणि दुधाबरोबर फळ म्हणजे तर विषच. मग राहिलं काय, सकाळी रिकाम्या पोटी, तर तेव्हा थायरॉइडची गोळी असते, त्यानंतर पाऊण-एक तास काही खायचं नाही, आणि तास झाला की चहा.

म्हणजे चोवीस तासांत माझ्या आईला फळ खायला एकही वेळ उरली नव्हती. हे मी जेव्हा बोटांवर मोजलं ना तेव्हा मला खरंच रडू आलं. कारण ही तीच बाई आहे जी आम्ही लहान असताना जांभळी नाक्यावरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायची, येऊरच्या बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसल्या की त्यांच्याशी गप्पा मारत मारत पानातून घेऊन यायची आणि घरी येईपर्यंत तिची स्वतःची जीभ जांभळी झालेली असायची. आणि आता तिला चिकू उचलायला भीती वाटते.

विचारल्यावर तिने मोबाईल उघडून दाखवलं. नातेवाईकांच्या ग्रुपवर आलेले मेसेज, तिने सगळे स्टार करून ठेवलेत. फळ पंधरा-वीस मिनिटांत पचतं, पोळी-भाजीला चार तास लागतात, त्यामुळे जेवणावर फळ खाल्लं की ते वरच अडकून बसतं, आंबतं, सडतं आणि त्याचं विष रक्तात जातं. केळं आणि दूध एकत्र नको. कलिंगडाबरोबर काहीच नको. आंबट फळ गोड फळ एकत्र नको, म्हणजे आपली फ्रूट डिशसुद्धा बाद. जवळजवळ तीन वर्षं ती हे पाळत होती. आणि त्याच तीन वर्षांत तिला रोज रात्री इसबगोल लागायला लागलं, पोट साफ होत नाही म्हणून चिडचिड व्हायला लागली, आणि हिमोग्लोबिन उतरत उतरत साडेनऊवर आलं. हे तिने आम्हाला सांगितलंच नव्हतं, फाइल मी उघडली तेव्हा कळलं.

मी काही डॉक्टर नाही, ऐरोलीला अकाउंट्समधे काम करते. पण त्या महिन्यात मी जे मिळेल ते वाचलं, आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं, आणि सोसायटीत खाली एक वैद्यबाई राहतात त्यांच्याकडे तर तीन-चार वेळा जाऊन बसले. ते सगळं लिहून ठेवायचं होतं कारण मला खात्री आहे अशा आया घरोघर आहेत.

पहिलं ते सडण्याचं. आपलं जठर म्हणजे काही ठाणे स्टेशनचा ब्रिज नाही की पुढची गर्दी हलली नाही म्हणून मागचा माणूस जागच्या जागी अडकला. जठर सगळं घुसळतं, वरचं खालचं एक करून टाकतं, आणि तिथे आम्ल इतकं कडक असतं, पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल कडक) साधारण दीड ते साडेतीन, की जे जंतू अन्न आंबवतात त्यातले बहुतेक तिथे तग धरत नाहीत. जेवण तिथे दोन-चार तास थांबतं हे खरं, तेलकट तुपकट असेल तर आणखी थांबतं, त्याच्याबरोबर फळही थांबतं, पण थांबणं आणि सडणं एक नव्हे. गॅस होतो तो खूप पुढे, मोठ्या आतड्यात, जे लहान आतड्यात शोषलं गेलं नाही ते तिथले जंतू खातात तेव्हा, आणि तो थोडाफार सगळ्यांना होतोच, डाळीने होतो, कोबीने होतो, फळाने होतो. दुसरं म्हणजे लहान आतड्यात स्वादुपिंडाचा जो रस येतो त्यात स्टार्चसाठी, प्रोटीनसाठी आणि फॅटसाठी असे सगळे एन्झाइम, म्हणजे अन्न तोडणारे पाचक घटक, एकत्रच येतात, एकाची पाळी संपली मग दुसऱ्याची असं काही तिथे नाही. असतं तर वरणभात पचलाच नसता कुणाला. अहो तुरीच्या एकट्या डाळीत स्टार्च आणि प्रोटीन दोन्ही असतात, आईच्या दुधात साखर, प्रोटीन, फॅट तिन्ही एकत्र असतात.

आईला मी हे सांगितलं तर ती काही बोलली नाही. उठली, वाटीत थोडं दूध घेतलं, त्यात लिंबू पिळलं आणि माझ्यासमोर ठेवलं. बघ, म्हणाली, फाटलं की नाही, हेच पोटात होतं.

मला पटकन उत्तर सुचलं नाही. दूध फाटलंच होतं, डोळ्यासमोर. रात्री झोपताना आठवलं. सकाळी मी तिला विचारलं, आई, मी तान्ही असताना दूध पिऊन गुळणी काढायचे तेव्हा ती कशी असायची गं? ती म्हणाली, कशी म्हणजे, दह्यासारखी, फाटलेली. म्हटलं, आणि मला कुठे तू लिंबू पाजलं होतंस? दूध कुणाच्याही पोटात गेलं की फाटतंच, तिथल्या आम्लाने फाटतं, तसं फाटतं म्हणूनच ते जठरात जरा टिकतं आणि हळूहळू पचतं. डॉक्टर म्हणाले होते तेही हेच, पण त्यांचं बोलणं तिला पटलं नव्हतं, गुळणीचं मात्र पटलं. बराच वेळ ओट्याशी उभी राहून विचार करत होती.

आता माझंही सांगते कारण माझाही एक गैरसमज त्या महिन्यातच सुटला. मला कित्येक वर्षं मँगो मिल्कशेकचा त्रास व्हायचा. प्यायल्यावर तासा-दोन तासाने पोटात गुडगुड, फुगारा, कधी पळायची वेळ, ट्रान्स हार्बरच्या गाडीत ऐरोली ते ठाणे तो एवढासा प्रवास मला जन्मठेपेसारखा वाटलाय. मी समजायचे आंबा आणि दूध जमत नाही एकमेकांशी. मग या निमित्ताने एक वही केली, दोन आठवडे, काय खाल्लं, किती वाजता, पोट कसं. पहिले दोन दिवस नुसता आंबा, काही नाही. मग आमरस-पोळी, तरी काही नाही. मग एका सकाळी नुसतं ग्लासभर थंड दूध, फळाचा पत्ता नाही, आणि साडेदहाला ऑफिसात तीच गुडगुड. म्हणजे इतकी वर्षं आंब्यावर आळ. दुधातली साखर, लॅक्टोज, ती पचवायला जे एन्झाइम लागतं ते मोठेपणी बऱ्याच जणांच्यात कमी होतं, आपल्याकडे तर खूपच जणांच्यात, आणि पाव लिटर दुधात साधारण बारा ग्रॅम लॅक्टोज असतो. दही मला बाधत नाही कारण विरजणातले जंतू त्यातला काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात आणि उरलेला पचवायलाही मदत करतात. आता मी आंब्याची लस्सी करते. शिकरण मात्र सोडलं, त्याचं वाईट वाटतं.

नवऱ्याचं वेगळंच निघालं. त्याला सफरचंदाने फुगतं, रिकाम्या पोटी खाल्लं की जास्तच, जेवणाबरोबर दोन फोडी खाल्ल्या तर काही नाही. सफरचंदात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज ही दुसरी साखर जास्त असते आणि सॉर्बिटॉल नावाचं साखरेसारखंच एक गोड द्रव्यही असतं, काहींच्या आतड्यात ते नीट शोषलं जात नाही, मग पुढे जाऊन गॅस. पेर, आंबा, कलिंगड यांचंही काही जणांना असंच होतं. आणि गंमत बघा, मेसेजमधे लिहिलेलं असतं फळ रिकाम्या पोटीच खा, आणि या माणसाला नेमकं उलटं मानवतं.

अननसाची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण तिथे एकत्र केल्याने खरंच काहीतरी होतं आणि ते डोळ्यांनी, म्हणजे जिभेने कळतं. लेकीने हट्ट केला म्हणून अननसाचं रायतं करायला घेतलं, ताजा अननस चिरला, दह्यात घातला, आणि जेवायला अजून वेळ होता म्हणून फ्रिजमधे ठेवून दिलं. दीड तासाने बाहेर काढलं तर पातळ झालेलं आणि कडू. चांगलंच कडू, घशाला लागेल असं. आई लगेच म्हणाली बघ, विरुद्ध आहार. पण मी वाचलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन वाट्या केल्या. एकीत कच्च्या फोडी, दुसरीत साखरेच्या पाण्यात पाच-सात मिनिटं शिजवून गार केलेल्या फोडी, दही तेच, दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. पहिली कडू झाली, दुसरी नाही. अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं ते प्रोटीन तोडतं, दह्यातल्या प्रोटीनचे तुकडे होतात त्यातले काही कडू लागतात, आणि शिजवलं की ते एन्झाइमच निकामी होतं. मटण शिजत नसेल तर आपण कच्च्या पपईचा गर लावतो ना, त्याच जातीची गोष्ट. किवी आणि दुधाचंही हेच. पण हे चवीचं झालं, याने विष वगैरे तयार होत नाही. आईने दोन्ही वाट्यांतलं चमच्याने चाखलं, परत चाखलं, आणि शिजवलेली वाटी आपल्याकडे ओढून घेतली. तीन वर्षांत तिने खाल्लेलं ते पहिलं फळ.

वैद्यबाईंकडे मी जरा बिचकतच गेले होते, वाटलं त्या आईचीच बाजू घेतील. त्यांनी चरकसंहिता काढली, सूत्रस्थानातला २६ वा अध्याय, विरुद्ध आहाराचा. आणि हो, तिथे आहे, दुधाबरोबर आंबट काहीही नको असं स्पष्ट आहे, फळांची मोठी यादी आहे, आंबा, जांभूळ, कवठ, फणस, डाळिंब, आवळा, अगदी नारळसुद्धा. नारळ ऐकून आई एकदम सरळ बसली, कारण तिच्या ओल्या नारळाच्या वड्या दूध घातल्याशिवाय होत नाहीत आणि त्या खाऊन आमचं अख्खं खानदान वाढलंय. तेव्हा वैद्यबाईंनी त्याच अध्यायातला पुढचा श्लोक वाचून दाखवला. ज्याला सवय आहे, ज्याने थोडंच खाल्लंय, ज्याचा अग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, जो तूप-तेल खाऊन व्यायाम करून बळकट आहे, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही. त्या म्हणाल्या लोक यादी फॉरवर्ड करतात, हा श्लोक कुणी करत नाही. मला त्यांचं हे फार आवडलं. त्या स्वतः दूध आणि आंबट फळ एकत्र देत नाहीत पेशंटला, ते त्यांचं मत त्यांनी सांगितलं, पण फळ बंद करा असं त्या कुणालाच सांगत नाहीत.

आणि ते स्टार्च वेगळं, प्रोटीन वेगळं, फळ वेगळं, त्याचा उगम तर आपल्याकडचा नाहीच. अमेरिकेत विल्यम हॉवर्ड हे म्हणून एक डॉक्टर होते, आडनावच हे, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ही मांडणी पसरवली, आणि त्यांच्यानंतर हर्बर्ट शेल्टन यांनी ती आणखी ताणली, कलिंगड-खरबूज एकटंच खा हे त्यांच्याकडचं. आई तो मेसेज आपल्या ऋषीमुनींचा म्हणून पाळत होती.

हिमोग्लोबिनसाठी डॉक्टरांकडे गेलो तेव्हा तर सगळं उलटंच झालं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, जेवणात पालेभाजी, बाजरी, कडधान्यं घ्या, आणि त्याच जेवणाबरोबर लिंबू, पेरू, आवळा, संत्रं यातलं काहीतरी घ्या. बरोबर म्हणजे बरोबरच. दोन तास आधी नाही, दोन तासांनी नाही. भाज्या-कडधान्यांमधलं लोह शरीराला सहज मिळत नाही, सी व्हिटॅमिन त्याच वेळी पोटात असेल तर ते कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि चहातल्या टॅनिनने उलट कमी होतं. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर सी व्हिटॅमिन असतं, संत्र्याच्या चौपट. म्हणजे जेवताना फळ नको, जेवल्यावर लगेच चहा चालेल, असं जे आईचं चाललं होतं ते तिच्या रक्तासाठी नेमकं चुकीचं होतं. मेसेज पाठवणाऱ्यांचा राग येतो तो इथे. कुणाच्या मोबाईलवर आपला मेसेज जाऊन बसणार आहे, तिचं हिमोग्लोबिन किती आहे, काही माहीत नसतं यांना.

त्रास झाला की लोक काय-काय एकत्र खाल्लं ते आठवत बसतात, तेही मी आता वेगळ्या नजरेने बघते. ऑफिसातली एक मैत्रीण, स्टेशनबाहेरून कापलेल्या फळांची प्लेट घेतली, नंतर ऑफिसात कोल्ड कॉफी प्यायली, रात्री उलट्या-जुलाब, सलाइन लावावं लागलं. सगळे म्हणाले दूध आणि फळ. पण ती पपई आणि कलिंगड सकाळपासून उघड्यावर कापून ठेवलेलं, वर कुठल्या पाण्याचा बर्फ देव जाणे, सुरी दिवसभर त्याच बादलीत बुडवलेली. जुलाब, टायफॉइड, कावीळ यातूनच येतात. अख्खं फळ घ्या, घरी आणून धुवा आणि खायच्या वेळी कापा, मेसेज करायचाच असेल तर हा करा ना.

खरोखर सांभाळायच्या जोड्या म्हणजे औषधांच्या. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस, गणपतीत बाजारात येतं ते, कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही, रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं, तेव्हा गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. किडनीचा त्रास असलेल्यांनी केळी आणि शहाळंसुद्धा विचारूनच घ्यायचं असतं. आणि बाबांना शुगर आहे, त्यांच्यासाठी पोटभर भात-पोळीवर वाटीभर आमरस म्हणजे साखरेवर साखर, म्हणून आंबा असेल त्या दिवशी त्यांचा भात बंद, एक पोळी आणि रसाऐवजी दोन फोडी, तेही कुरकुरतात पण ऐकतात. आईला रात्री मोसंबी खाऊन लगेच आडवं झालं की जळजळते, ती तेवढं टाळते, त्याला वहीतला पुरावा आहे.

आता वर्ष होऊन गेलं. ते दोघं परत नौपाड्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने रोज शंभर ग्रॅम फळं सांगितलीत, म्हणजे एक मध्यम पेरू किंवा एक केळं, आईचं तेवढं होतं, दुपारच्या जेवणात पेरूच्या चार फोडी मीठ लावून ताटातच घेते, चहा तासाभराने. इसबगोलचा डबा अजून आहे पण महिन्यातून एक-दोनदाच उघडतो. हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत अकरा पूर्णांक दोन, गोळ्यांमुळे आणि खाण्यामुळे दोन्हीमुळे, कशामुळे किती ते सांगता येणार नाही.

दुधाबरोबर आंबट फळ ती अजून घेत नाही, तिचं मन घेत नाही म्हणते, आणि मीही आता आग्रह करत नाही. पण परवा अक्षय्य तृतीयेला पुरी आणि आमरस केला होता तिने, वाशीच्या मार्केटमधून पेटी आणली होती बाबांनी. लहानपणी वाढायची तसा, वाटीत रस, त्यावर चमचाभर तूप आणि चिमूटभर मिरपूड. आंब्यातलं कॅरोटिन, ज्यापासून शरीर ए व्हिटॅमिन बनवतं ते, शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो हे मी तिला सांगायला लागले, तर म्हणाली ते असू दे, रस गार होईल, आधी खा. रस मुळात गारच होता. स्वतःसाठी तिने दुसऱ्यांदा वाटी भरून घेतली.